हॉलमधला गेमिंगचा डबा: २८ हजार जास्त मोजण्याइतका आहे का?

चौथा_माळा | ६ डिसेंबर २०२५, रात्री ११.४०

मंडळी,

२२ सप्टेंबरला ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला आणि आमच्याकडे ५५ इंची टीव्ही आला. टीव्ही आला म्हणून दसऱ्याला त्याच्याखाली ठेवायला छोटा गेमिंग पीसी जोडून घेतला. बायकोला दोन महिने "अगं, लाखाच्या आसपास" असं मोघम सांगून वेळ मारून नेली. काल टॅक्सच्या फायलीत काहीतरी शोधताना तिलाच बिल सापडलं. १,१३,५०० रुपये. ती चिडली नाही. तिने एकच विचारलं, "हेच मोठ्या खोक्यात केवढ्याला पडलं असतं?"

उत्तर मला पाठ होतं, म्हणूनच गप्प बसलो. ८५,५००.

रायझन ५ ७६०० प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ५०६० ग्राफिक्स कार्ड, एक टीबीची एसएसडी, हे दोन्हीकडे तेच आणि त्याच भावात. फरक चार गोष्टींचा. मिनी-आयटीएक्स या छोट्या मापाचा मदरबोर्ड साध्या मायक्रो-एटीएक्स मापाच्या बोर्डापेक्षा ९ हजारांनी महाग. छोटा एसएफएक्स पॉवर सप्लाय साडेपाच हजारांनी. कॅबिनेट ९ हजारांनी. प्रोसेसरसोबत फुकट आलेला कूलर आत मावेना, म्हणून बुटका वेगळा घेतला, त्याचे साडेचार हजार. झाले २८. आणि या २८ हजारांत खेळताना एक फ्रेम जास्त मिळत नाही. उलट रॅमच्या खाचा दोनच, कार्ड लावायला जागा एकच, आणि पुढे काही वाढवायचं म्हटलं की आधी सगळं उसवायचं.

मग घेतला का? टू बीएचके, सिंहगड रोड. एका बेडरूममध्ये आईबाबा, दुसरीतल्या टेबलावर बायकोचं ऑफिस. उरला हॉल. हॉलमध्ये टीव्ही युनिट आणि त्याला लागून देव्हारा. माझं जुनं खोकं तिथे ठेवून पाहिलं तर देव्हाऱ्याचं डावं दार उघडेना. आईने काही म्हटलं नाही, फक्त दोन दिवस निरांजन उजव्या दारातून आत घातलं. तिसऱ्या दिवशी मी पट्टी घेऊन टीव्ही युनिटचा कप्पा मोजला. रुंदी ४२ सेंटीमीटर, उंची १८. तेवढ्यात बसणारा पीसी शोधायला लागलो आणि तिथून पाय घसरला.

पहिल्याच आठवड्यात गंमत झाली. अशा आडव्या कॅबिनेटमध्ये ग्राफिक्स कार्ड बोर्डात थेट बसत नाही, रायझर नावाच्या चपट्या केबलने जोडावं लागतं. खेळ सुरू केला की दहा-बारा मिनिटांत पडदा काळा. पंखे फिरतायत, आवाज येतोय, चित्र नाही. आधी टीव्हीवर संशय, मग एचडीएमआय केबलवर, मग कार्डावर. शेवटी एचडीएमआय कार्डातून काढून सरळ बोर्डाला लावली (७६०० मध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक्स आहे, त्याने वाचवलं), बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन कार्डाच्या जोडणीचा वेग पीसीआयई जेन ४ वरून जेन ३ वर उतरवला आणि आजतागायत पडदा काळा झालेला नाही. म्हणजे महागडी केबल घेऊन तिला हळू चालवतोय.

तर प्रश्न असा, की आकार सोडून या २८ हजारांत मला नक्की काय मिळालं? आणि तुमच्यापैकी कोणी असा डबा घेतला असेल, तर परत घ्याल का?

---

सोफासम्राट | ७ डिसेंबर, सकाळी ८.१५

२८ काय घेऊन बसलात, तुमचे ५८ हजार गेलेत. सोनीचा गेमिंग कन्सोल, पीएस५ स्लिम, ५४,९९०. टीव्हीखाली बसतो, आईला रिमोटएवढाच कळतो, रायझर-बियझर भानगड नाही. हाय काय, नाय काय.

पीसीवाले "गेम स्वस्त पडतात" म्हणतात. बरोबर, स्टीम या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये पडतात. पण डिस्कचं गणित कोणी सांगत नाही. मी नवा गेम महिन्याने सेकंडहँड घेतो, संपवतो आणि तीनचारशेच्या घाट्यात पुढच्याला विकतो. स्टीमवरचा गेम तुम्ही मेल्यावरही विकता येत नाही.

---

चौथा_माळा | ७ डिसेंबर, सकाळी ८.५०

@सोफासम्राट, डिस्कचं मान्य. पण बहुतेक विकतचे गेम ऑनलाइन खेळायला पीएस प्लस या वर्गणीचे पैसे दर वर्षी, ते धरा. पीसीवर ते नाहीत. शिवाय भारतात २०२१ च्या फेब्रुवारीत ४९,९९० ला आलेला पीएस५ आज पावणेपाच वर्षांनी ५४,९९० ला आहे. आमच्या लहानपणी जुनं यंत्र स्वस्त होत असे. आणि याहून दमदार हवा म्हटलं तर पीएस५ प्रो इथे आणलाच नाही. कारण काय, तर त्याच्या वायफायचा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे मोकळा नव्हता! वायफायपायी अख्खं कन्सोल अडलं.

---

लॅमिंग्टनकर | ७ डिसेंबर, दुपारी १.०५

ग्रँट रोड स्टेशनबाहेर बावीस वर्षं मशीनं जोडतोय, म्हणून चार शब्द.

मिनी-आयटीएक्स म्हणजे १७ बाय १७ सेंटीमीटरचा बोर्ड. हे माप व्हीआयएने २००१ मध्ये काढलं, तेव्हा ते कमी वीज खाणाऱ्या साध्या मशीनसाठी होतं. आज त्याच १७ सेंटीमीटरात गेमिंगचा प्रोसेसर पोसायचा म्हणजे मोठ्या बोर्डावरचा सगळा संसार तळहातावर मांडायचा. कारागिरी जास्त आणि खप कमी, त्यामुळे स्वस्त होत नाही. यात कोणी लुबाडत नाहीये.

पण गिऱ्हाइकाला खरा फटका बिलाच्या दिवशी बसत नाही, बोर्ड गेल्याच्या दिवशी बसतो. मायक्रो-एटीएक्स बोर्ड वॉरंटीत गेला तर बदली चारआठ दिवसांत. आयटीएक्स गेला तर "स्टॉक नाही, पुढच्या कन्साइनमेंटला." माझ्या एका गिऱ्हाइकाने सात आठवडे वाट पाहिली. कॅबिनेट टीव्हीखाली, आत बोर्ड नाही, त्यात पोराने रिमोट ठेवायला सुरुवात केली.

कोणी विचारलं तर मी सांगतो, लहान पाहिजे ना? मग छोटं मायक्रो-एटीएक्स कॅबिनेट घ्या, वीसएक लिटरचं (खोक्याचं घनफळ लिटरमध्ये मोजतात). बोर्ड साधा, पॉवर सप्लाय साधा, कूलर फुकटातला. २८ मधले वीसेक हजार वाचतात. कप्प्यात बसणार नाही, युनिटच्या बाजूला उभं राहील. चौथा_माळा यांचा देव्हारा मध्ये आला, त्याला इलाज नाही.

आणि एक. रॅम घ्यायची असेल त्यांनी दसऱ्यालाच घ्यायला हवी होती. तेव्हाचा भाव आज कोणी फोनवर विचारला तर मी हसतो. डेटा सेंटरवाले सगळा माल उचलतायत, आणि याच आठवड्यात रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने जाहीर केलं की क्रुशियल हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँड फेब्रुवारीनंतर बंद. चौथा_माळा, तुमचं बिल आज केलं तर १,१३,५०० ला येणार नाही. वहिनींना हे सांगा, थोडा दिलासा मिळेल.

---

बे_एरियातला_बंड्या | ७ डिसेंबर, दुपारी ३.३०

इथे पहाटेचे दोन वाजलेत, पण विषय जिव्हाळ्याचा.

हे नाटक मी एकदा पाहिलंय. २०१५ च्या नोव्हेंबरात व्हॉल्व्हची, म्हणजे स्टीम चालवणाऱ्या कंपनीची, पहिली स्टीम मशीनं आली. बनवणाऱ्या कंपन्या वेगवेगळ्या, आत विंडोजऐवजी लिनक्सवरची स्टीमओएस. सगळ्यात स्वस्त ४४९ डॉलरची. मीही एक डबा घेतला, कोणाचा ते जाऊ दे. आवडता गेम लावायला गेलो तर लिनक्सवर नाही. दुसरा लावला, तोही नाही. आठवड्याभरात विंडोज टाकली आणि आपण फक्त महागडा, अशक्त पीसी घेतलाय हे कळलं. २०१८ मध्ये व्हॉल्व्हने दुकानाच्या मेनूतून त्या पानाची लिंकही काढून टाकली.

पण त्याच २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी प्रोटॉन आणलं. विंडोजसाठी लिहिलेला गेम लिनक्सवर चालवणारा दुभाषा म्हणा. २०२२ ला हातात धरून खेळायचा स्टीम डेक आला तो त्याच्या जिवावर. आता गेल्या महिन्यात नवीन स्टीम मशीन जाहीर झालं, यावेळी व्हॉल्व्हचं स्वतःचं. साधारण १६ बाय १६ बाय १५ सेंटीमीटर, म्हणजे पावणेचार-चार लिटर. पाच लिटरच्या कुकरपेक्षा लहान! त्यात पॉवर सप्लायसुद्धा आतच. सहा कोरचा झेन ४ प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि ग्राफिक्सला वेगळी ८ जीबी. त्या ८ जीबीवर इथे सगळे नाक मुरडतायत.

किंमत मात्र अजून गुलदस्त्यात. व्हॉल्व्ह एवढंच म्हणतंय की कन्सोलसारखं घाट्यात विकणार नाही, तेवढ्याच ताकदीच्या पीसीच्या भावात विकू. सोनीचं गणित वेगळं असतं. ते यंत्रावर कमी कमावतात आणि नंतर गेम, वर्गणीतून वसूल करतात. व्हॉल्व्हच्या डब्यावर कोणी विंडोज टाकून ऑफिसचं काम करत बसला तर त्यांच्या हाती काय लागणार? म्हणून मला तरी तो स्वस्त असेल असं वाटत नाही. लॅमिंग्टनकर म्हणतात ती रॅम त्यालाही लागणारच.

---

सोफासम्राट | ७ डिसेंबर, दुपारी ३.४८

बंड्या, जूनमध्ये येतोयस ना? येताना एक कुकर घेऊन ये.

---

बे_एरियातला_बंड्या | ७ डिसेंबर, दुपारी ४.१०

ठरलं, तुझ्यासाठी चितळ्यांच्या बाकरवडीच्या बदल्यात कस्टमवाल्याशी भांडतो.

गंमत बघ. अंगावरच्या सामानात मोठ्या माणसाला एक लॅपटॉप ड्युटीशिवाय आणता येतो. हा डबा लॅपटॉप नाही. त्यात पडदा नाही, बॅटरी नाही, तो साधा 'सामान' ठरतो आणि मर्यादेच्या वर गेला की ड्युटी. आणि स्टीम डेक भारतात कधी अधिकृत विकायलाच आला नाही, म्हणजे बिघडला तर तो परत माझ्याच बॅगेत. बाकी आपल्या सरकारलाही हे डबे माहीत आहेत बरं का. ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट घातली होती, आठवतं? नंतर ती बरीच सैल झाली. त्या यादीत लॅपटॉप, टॅब्लेटच्या बरोबरीने 'अल्ट्रा स्मॉल फॉर्म फॅक्टर' संगणक असा शब्द होता. आपल्या छंदाला राजपत्रात जागा मिळाली, अजून काय पाहिजे.

---

उकाडा_४५ | ७ डिसेंबर, रात्री ९.२०

नागपूर. कोणी मे महिन्याबद्दल बोलेल म्हणून वाट पाहत होतो.

हे छोटे डबे तपासणारे लोक २० अंशांच्या खोलीत बसून सांगतात, "तापमान ७२, छान." आमच्या हॉलमध्ये कूलर लावून संध्याकाळी ३५ असतं. त्यावर पंधरा मोजा. माझा ११ लिटरचा डबा एप्रिलपर्यंत गुणी बाळ होता. मेमध्ये टीव्ही युनिटच्या काचेच्या दारामागे ठेवला आणि अर्ध्या तासात खेळ रखडायला लागला. दार उघडलं तर भाकरी भाजून तवा उतरवल्यावर येते तशी वाफ तोंडावर.

कूलरच्या ओलाव्याची आणि धुळीची मिळून एक राखाडी साय जमते जाळीवर. दर पंधरा दिवसांनी ब्रशने काढतो. मोठ्या खोक्यात हे दोन महिन्यांनी केलं तरी चालायचं.

आवाजाचं मात्र उगाच घाबरवतात. बाहेरचे लोक लिहितात "पंखा फार वाजतो". अहो, आमच्याकडे वर छताचा पंखा पाचवर, खिडकीत कूलर, स्वयंपाकघरात मिक्सर. डबा वाजतोय हे मला हिवाळ्यातच कळलं.

---

चौथा_माळा | ७ डिसेंबर, रात्री ९.४५

@उकाडा_४५, हेच आमच्याकडेही झालं, पुण्यात, ऑक्टोबरमध्ये! सुताराला बोलावून कप्प्याच्या मागच्या प्लायला भोक पाडून घेतलं. तो म्हणाला, "साहेब, फ्रिज ठेवणार का आत?" सहाशे रुपये घेतले. तेही २८ हजारांत धरायला हवेत.

---

कौलारू | ७ डिसेंबर, रात्री १०.३०

सावंतवाडीहून. आमच्याकडे प्रश्न उष्म्याचा नाही, विजेचा. पावसात लाइट दिवसातून चारदा जाते. त्यामुळे डबा कितीही छोटा घ्या, शेजारी यूपीएस लागतोच. माझा डबा दोन किलोचा, यूपीएस दहा किलोचा. टीव्हीखाली डबा दिसत नाही, यूपीएस दिसतो. सगळी शोभा गेली.

मी ग्राफिक्स कार्डवाला घेतला नाही, हातात मावणारा मिनी पीसी घेतला. रायझन ७ ७८४० एचएस, आतलंच रेडिऑन ७८०एम ग्राफिक्स. गेल्या वर्षीचा गेम फुल एचडीला खालच्या सेटिंगवर चालतो, चार-पाच वर्षांपूर्वीचे मजेत. मुळात आपण किती नवे गेम खेळतो? माझ्या स्टीमच्या यादीत दीडशे आहेत, निम्मे उघडलेले नाहीत. शिवाय हा यूपीएसवर पाऊण तास तग धरतो. गेम सेव्ह करून, मेणबत्ती शोधून, जेवायला बसण्याइतका वेळ.

---

लांब_वायर | ८ डिसेंबर, सकाळी १०.००

अडीच पानांचा धागा झाला आणि कोणी साधी गोष्ट बोललं नाही. मोठं खोकं बेडरूममध्येच राहू द्या, चित्र हॉलमध्ये आणा. पीसीवर चित्र पाठवणारा सनशाइन प्रोग्राम, अँड्रॉइड टीव्हीवर ते दाखवणारं मूनलाइट अ‍ॅप, दोन्ही फुकट. मधे पंधरा मीटर लॅन केबल, पाचशे रुपयांच्या आत. टीव्हीचं लॅन पोर्ट बहुतेक शंभर एमबीपीएसचंच असतं, पण ५०-६० मध्ये ४के सुरेख येतं. मारामारीचे गेम किंवा स्पर्धेत खेळायचं असेल तर बटण दाबण्यातला उशीर जाणवतो. गाड्या पळवायला, गोष्टीचे गेम खेळायला काही फरक पडत नाही.

२८ हजारांऐवजी पाचशे.

---

चौथा_माळा | ८ डिसेंबर, सकाळी १०.२५

@लांब_वायर, आमच्या बेडरूममध्ये बायको झोपलेली असते हो. तिच्या डोक्याशी २५० वॅटचं खोकं घरघरतंय आणि मी बाहेर सोफ्यावर. पाचशे रुपयांत बाहेरच झोपायची सोय होईल.

विजेचं कोणी विचारलं नाही तरी सांगतो. खेळताना सगळं मिळून साधारण २५० वॅट, रोज तीन तास म्हणजे पाऊण युनिट, महिन्याला साडेबावीस. युनिटं वाढून वरच्या स्लॅबमध्ये गेलो की बिल पाहून बाबा माझ्याकडे बघतात.

---

दोन_पोरांची_आई | ८ डिसेंबर, दुपारी २.४०

एवढ्या पुरुषमंडळींत कोणीच हे कसं लिहिलं नाही?

आमच्याकडेही असाच छोटा पीसी हॉलमध्ये आहे. मी मुद्दाम घ्यायला लावला, आणि नवऱ्याला अजून वाटतं की त्याने मला पटवलं. मोठा बारा वर्षांचा, धाकटी नऊची. कॉम्प्युटर त्यांच्या खोलीत असता तर दार लावून काय चाललंय ते कळलं नसतं. हॉलमध्ये मी पोळ्या लाटताना मला पडदा दिसतो. कोण कोणाशी बोलतंय तेही ऐकू येतं. मागे कुणीतरी अनोळखी मुलाने आमच्या मोठ्याला शाळेचं नाव विचारलं, ते मी ओट्याजवळून ऐकलं.

त्याच डब्यावर मुलांचे प्रोजेक्ट, माझं जीएसटी रिटर्न, आजोबांचे भजनाचे व्हिडिओ. कन्सोलवर मी रिटर्न भरून दाखवेन, सोफासम्राटांनी शिकवावं. स्टीम फॅमिलीत सहा जण बसतात, एकाने घेतलेला गेम सगळ्यांना. मुलांची वेळ मी फोनवरून बंद करते. त्यांच्या मते मी हुकूमशहा आहे.

एक मात्र खटकतं. कन्सोलच्या कंट्रोलरचं बटण दाबलं की टीव्ही आपोआप चालू होतो. आमच्या पीसीला ते येत नाही. सासूबाईंची मालिका साडेआठला, आणि टीव्ही अजून पीसीच्या एचडीएमआयवर. "तो डबा लागला की माझा टीव्ही जातो कुठे?" हे रोज.

---

बे_एरियातला_बंड्या | ८ डिसेंबर, रात्री ८.१५

@दोन_पोरांची_आई, ते सीईसी. टीव्हीला एचडीएमआयमधून "जागा हो, माझ्याकडे बघ" सांगणारी खूण. पीसीच्या ग्राफिक्स कार्डांत ती सहसा नसते, नव्या स्टीम मशीनमध्ये देणार आहेत. झोपलेला डबा सोफ्यावरून कंट्रोलरनेच उठवायची सोयही त्यात आहे. मला विचाराल तर तयार डब्याचे जास्तीचे पैसे द्यायचे असतील तर ते याचे. आमच्याकडे मी दर वेळी उठून, वाकून, कप्प्यात हात घालून बटण दाबतो. वय ४६.

पण मुलांना काय खेळायचंय ते आधी विचारा. फोर्टनाइट, व्हॅलोरंट, नवा कॉल ऑफ ड्यूटी यांतलं काहीही स्टीमओएसवर चालत नाही, कारण त्यांचे खेळात चीटिंग करणारे चोर पकडणारे प्रोग्राम लिनक्सला घरात घेत नाहीत. जीटीए ऑनलाइन चालायचा, २०२४ च्या सप्टेंबरात तोही बंद झाला. बारा वर्षांच्या मुलाला फोर्टनाइट नसलेला गेमिंग पीसी आणून दिला तर तो तुमच्याशी महिनाभर बोलणार नाही.

---

दोन_पोरांची_आई | ८ डिसेंबर, रात्री ८.३२

फोर्टनाइट चालत नाही? मग घेतेच.

---

सोफासम्राट | ८ डिसेंबर, रात्री ८.३५

_/\_ प्रतिसाद मागे घेतो. (पीएस५ नाही, फक्त प्रतिसाद.)

---

चौथा_माळा | ९ डिसेंबर, रात्री ११.१०

सगळ्यांचे आभार. काल रात्री हा धागा बायकोला वाचायला दिला. दोन ठिकाणी हसली, दोन्ही ठिकाणी मला. मग म्हणाली, "लॅमिंग्टनकरांचं ऐकलं असतंस तर वीस हजार वाचले असते, पण आईंनी ते बाजूला उभं राहू दिलं नसतं." आणि तिने तिच्या ऑफिसच्या टेबलाखालचं माझं जुनं रिकामं खोकं दाखवलं. ४५ लिटरचं. दसऱ्यापासून ती पाय आखडून बसतेय, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

परत घेईन का? रॅमचे आजचे भाव पाहता आज नाही घेणार. दसऱ्याला, त्या भावात, हो. पण रायझर केबल लागणारं कॅबिनेट नाही. दोन सेंटीमीटर उंच चाललं असतं, युनिटच कापून घेतलं असतं. सुतार तसाही आला होता.

@उकाडा_४५, तुम्ही व्यनित (व्यक्तिगत निरोपात) विचारलंत म्हणून इथेच लिहितो. भोक २० बाय १२ सेंटीमीटर, कार्डाच्या पंख्याच्या नेमकं मागे, वर स्टीलची जाळी. भिंतीपासून युनिट चार बोटं पुढे ओढलंय, नाहीतर भोकाचा उपयोग नाही. खेळताना १० अंशांचा फरक पडला.

आणि पुण्यात कोणाला जुनं एटीएक्स कॅबिनेट हवं आहे का? सिंहगड रोड. काच थोडी चरे पडलेली, पंखे तिन्ही चालू. फुकट, पण चौथ्या माळ्यावरून स्वतः उतरवायचं. लिफ्ट बंद आहे.

---

लॅमिंग्टनकर | १० डिसेंबर, सकाळी ९.३०

भाचा पुण्यात आहे, रविवारी येईल. पत्ता व्यनि करा.